बोटभर कमी

हाजराला ती नोकरी माशांची नावं सांगता आली म्हणून मिळाली. मुलाखत घेणाऱ्याने टेबलावर एकामागून एक वीस फोटो ठेवले. पालू, तांबोशी, हेकरू, शिंगाळा, रावस, जिताडा. ती न अडखळता सांगत गेली. बाकीचे उमेदवार पदवीवाले होते, पण पापलेट आणि बोंबलांच्या पुढे त्यांची गाडी सरकत नव्हती. कर्जतजवळच्या दहिवलीत राहणाऱ्या, बारावी झालेल्या बाईला समुद्रातलं एवढं कसं माहीत, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "अब्बांनी दाखवलंय."

तिचे अब्बा म्हणजे रज्जाक. दहिवलीत रस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. मूळ गाव भाटबंदर, अलिबागच्या पुढे, खाडीच्या तोंडावर. रज्जाकचे वडील पोटासाठी कर्जतला आले आणि इथलेच झाले. पण भाटबंदरला चुलत्यांचं घर होतं, तिथे जाणंयेणं होतं, आणि गेलं की गळ टाकणं होतं. रज्जाक महिन्यातून दोनदा तरी जायचा. विकण्यासाठी नाही, निव्वळ हौस. मासा मिळाला तर शेजारी चार घरांत वाटायचा, नाही मिळाला तर हात हलवत परत यायचा आणि तेवढ्याच खुशीत जेवायचा.

हिरू त्याचा दोस्त. पळसदरीचा, भाताची शेती करणारा. पंप जळला म्हणून तो एकदा गाळ्यावर आला, बोलता बोलता भाटबंदरचा विषय निघाला आणि पुढच्याच रविवारी रज्जाक त्याला बरोबर घेऊन गेला. हिरू तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. लग्नाच्या खरेदीला एकदा मुंबईला गेला होता, पण समुद्र त्याने तोपर्यंत पाहिलेला नव्हता. त्या दिवशी त्याच्या गळाला काहीच लागलं नाही. तरी परत येताना खोपोलीला गाडी बदलताना त्याने रज्जाकला विचारलं, पुन्हा कधी जायचं. त्यानंतर तीस वर्षं ते दोघे जात राहिले. प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा कापून हिरूने त्यात काठी ठेवायची सोय केली होती. तो पाइप खांद्याला अडकवून तो पळसदरी स्टेशनावर उभा असला की आज शनिवार आहे, हे गावाला कळायचं.

हिरूचा मुलगा हर्षद खोपोलीच्या एका कारखान्यात होता. तो बापाला चिडवायचा, दारात धरण आहे, तिथे गळ टाका, इतक्या लांब कशाला तडमडता. हिरू म्हणायचा, "इथं कुठंबी बघितलं तरी डोंगर आडवा येतो रं. तिथं काय आडवंच येत नाय."

हाजरा लहानपणी या दोघांबरोबर जायची. पुढे लग्न होऊन ती नेरळला गेली. ते लग्न नऊ वर्षं टिकलं. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा ती एक पेटी घेऊन दहिवलीला परत आली आणि एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. परतल्यावर पहिले काही महिने ती कोणाशी बोलत नव्हती. तेव्हा हिरू गाळ्यावर आला की मुद्दाम आत डोकावून तिला हाक मारायचा, काहीतरी खुळ्यासारखा प्रश्न विचारायचा आणि तिने उत्तर दिल्याशिवाय हलायचा नाही.

ही नोकरी आली ती त्यानंतर. बोटवाल्यांनी किती मासे आणले हे बंदरावर मोजलं जातं. पण हौस म्हणून काठी घेऊन किनाऱ्यावर बसणारे किती, ते काय पकडतात, किती सोडतात, किती घरी नेतात, याचा हिशेब कोणाकडे नव्हता. तो गोळा करायला सरकारने एक एजन्सी नेमली आणि एजन्सीने कंत्राटावर माणसं घेतली. हाजराला एक टॅब मिळाला, मोजपट्टी चिकटवलेली एक फळी, एक वजनकाटा आणि गळ्यात अडकवायचं कार्ड. शनिवार-रविवार भाटबंदर आणि त्याच्या पलीकडची दोन गावं तिच्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी ती चुलत्यांच्या घरी मुक्कामाला जायची. बहुतेक वेळा अब्बा आणि हिरूकाका बरोबरच असायचे.

पहिले दोन महिने कोणी तिला उभं करून घेतलं नाही. धक्क्यावर रविवारी शंभरावर माणसं असायची. खोपोलीचे कामगार, पेणचे शिक्षक, पनवेलचे रिक्षावाले, पुण्याहून गाडी घेऊन येणारे. ती दिसली की लोक पिशवीचं तोंड आवळायचे. कोणी खोटं नाव सांगायचा, कोणी पाच मासे असताना एक दाखवायचा. हाजरा पुन्हा पुन्हा समजावायची. प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं होतं की आकडे आले की सोयी येतील. धक्क्याला कठडा होईल, दिवे लागतील, बायकांसाठी संडास होईल. तुम्ही किती जण येता हेच सरकारला माहीत नसेल तर तुमच्यासाठी करणार कोण? हे तिला पटलं होतं, म्हणून ती ते मनापासून सांगायची.

तरी लोकांनी ऐकलं ते तिचं नाही, हिरूचं. तो प्रत्येकाजवळ जाऊन बसायचा, बिडी पुढे करायचा आणि सांगायचा की ही आमची पोर आहे, हिला खरं सांगा, ही वाईट करणार नाही. रज्जाकही सांगायचा, पण रज्जाक कमी बोलणारा. हिरूच्या बोलण्याला लोक भुलायचे. वर्षभरात अशी वेळ आली की हाजरा दिसली की माणसं आपणहून मासा घेऊन फळीजवळ यायची. जिल्ह्याच्या बैठकीत तिच्या नोंदी सगळ्यात भरीव म्हणून दाखवल्या गेल्या. तिने उभं राहून नमस्कार केला. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा रज्जाकने चहा ठेवायला सांगितलं आणि शेजारच्यांनाही बोलावलं.

दीड वर्षाने आदेश निघाला. भाटबंदरच्या धक्क्यावर खांबाला तो चिकटवला होता. हौशी मासेमारी करणाऱ्यांनी ओळखपत्र काढायचं. दिवसाला ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त मासे न्यायचे नाहीत. जिताडा पंचेचाळीस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा. नियम दोनदा मोडला तर ओळखपत्र रद्द. आणि शेवटचं कलम असं की भाटबंदरच्या धक्क्यावर गळ टाकायला कायमची बंदी. कारण गर्दी. रविवारची सरासरी एकशे चौदा माणसं, बोटींच्या पंख्यात दोरे अडकल्याच्या तक्रारी.

एकशे चौदा हा आकडा हाजराचा होता.

सगळंच चुकीचं होतं असं तिला म्हणता येईना. कोळ्यांची तक्रार खरी होती, तिने स्वतः पंख्यात गुरफटलेला दोरा पाहिला होता. जिताड्याची वीतभर पिल्लं पिशवीत भरून नेणारी माणसंही तिने पाहिली होती आणि त्यांची लांबी तिनेच लिहिली होती. मोठा जिताडा दर वर्षी कमी होत होता, हे तिच्या आकड्यांतून कोणालाही दिसलं असतं. पण कठडा आला नाही, दिवे आले नाहीत आणि धक्का गेला. त्या रविवारी पेणचे एक शिक्षक, ज्यांनी वर्षभर तिला प्रत्येक मासा मोजून दिला होता, तिच्यासमोरून न बघता गेले. मागून कोणीतरी म्हणालं, मोजून मोजून घालवलं. हिरू तिथल्या तिथे उलटला. तिने खरं लिहिलं, खरं लिहिणाऱ्या माणसाला काय बोलायचं, असं तो चढ्या आवाजात म्हणाला. त्याला चढ्या आवाजात बोलताना हाजराने पहिल्यांदाच ऐकलं.

धक्का बंद झाला म्हणून माणसं घरी बसली नाहीत. धक्क्याच्या उत्तरेला पाऊण किलोमीटरवर खडप आहे. समुद्रात शिरलेला काळा, खडबडीत कातळ. ओहोटीला चालत टोकापर्यंत जाता येतं. आदेशात खडपाचं नाव नव्हतं. ज्यांची हौस बेताची होती ते यायचे थांबले, बाकीचे तीसचाळीस जण खडपावर जाऊ लागले. रज्जाकचा गुडघा गेलेला, त्याने एकदा जाऊन पाहिलं आणि मागे फिरला. निघताना त्याने हिरूला सांगितलं, "खडप म्हंजे धक्का नव्हं रं. तिथं पाणी पुढून नाय येत, मागून येतं."

म्हणजे असं की कातळाचं टोक उंच आहे आणि किनाऱ्याकडचा भाग खोलगट. भरती लागली की आधी तो खोलगट चर भरतो. टोकावर बसलेल्याचे पाय कोरडे असतात, समोर समुद्र अजून खाली दिसतो आणि परतायची वाट मागच्या मागे बुडालेली असते. किनाऱ्यावर वाढलेल्याला हे कोणी सांगावं लागत नाही. हिरू तीस वर्षं समुद्रावर येत होता, पण धक्क्यावर. धक्क्यावर भरती आली काय, ओहोटी आली काय, माणूस आपल्या जागी बसलेला असतो.

हाजराची मोजणी आता खडपावर होती. पहिल्याच महिन्यात तिने नोंदीच्या शेवटी शेरा लिहिला की जागा धोक्याची आहे. एजन्सीचा समन्वयक जितेश म्हणून एक तिशीतला माणूस होता. वागायला नीट, फोन केला की उचलणारा. तो म्हणाला की शेरा वर जात नाही, फक्त आकडे जातात, वेगळा अर्ज करा. तिने अर्ज केला. निदान भरतीच्या वेळांचा फलक लावावा, चराजवळ दोर बांधावा, एक माणूस बसवावा, असं त्यात लिहिलं. महिन्याने उत्तर आलं. सदर जागा अधिसूचित क्षेत्रात येत नसल्याने कार्यवाही करता येत नाही.

मग ती स्वतःच करायला लागली. प्रत्येक रविवारी निघताना ती खडपावरच्या माणसांना भरतीची वेळ सांगायची. काही ऐकायचे. काही म्हणायचे, आता इथूनही हाकलणार का?

कोजागिरीच्या आदल्या रविवारची गोष्ट. शनिवारी रज्जाक आला नव्हता, हाजरा आणि हिरू दोघेच भाटबंदरला मुक्कामाला होते. हिरूची बायको गौराबाई पंधरा दिवस तापाने पडून नुकती उठली होती. तोंडाला चव नव्हती, भाताचा घास फिरत होता. काय खावंसं वाटतं, असं हिरूने विचारलं तेव्हा तिने जिताड्याचं कालवण सांगितलं होतं. बाजारातून आणतो म्हणाला असता तर ती नको म्हणाली असती. हिरू आणतो तो वेगळा. हे सगळं हिरूने रात्री जेवताना हाजराला सांगितलं. वर्षभर त्याला जिताडा लागला नव्हता, तेही सांगितलं.

पहाटे ओहोटी होती. उजाडताना दोघे चहा पिऊन खडपावर गेले. पौर्णिमेजवळचे दिवस, पाणी खूप मागे हटलेलं. त्या दिवशी खडपावर अकरा माणसं होती. हाजराने एकेकाची नोंद सुरू केली. खोपोलीच्या एका कामगाराकडे हातभर जिताडा होता, मोजला तर चाळीस भरला. तिने त्याला नियम सांगितला. त्याने थोडी कुरकुर केली आणि मासा पाण्यात टाकला.

साडेआठच्या सुमारास हिरूची काठी वाकली. त्याने घाई केली नाही. पाच-सात मिनिटं तो मासा खेळवत होता. वर काढला तेव्हा उन्हात त्याचे खवले चमकले आणि आजूबाजूच्या दोघातिघांनी मान वळवली. जिताडा. हिरू हसत होता. त्याने दोन्ही हातांनी तो उचलला आणि हाक मारली, "हाजरा, ये गं. लाव तुजी फळी."

तिने फळी कातळावर सपाट ठेवली. माशाचं तोंड शून्याला टेकवलं, शेपूट सरळ केली. त्रेचाळीस आणि वर अर्धा. तिने शेपूट पुन्हा ओढून धरली. त्रेचाळीस आणि अर्धा.

"किती?" हिरूने विचारलं.

"काका, बोटभर कमी हाय."

"बोटभर?"

"हां."

हिरू माशाकडे बघत राहिला. मग त्याने हाजराकडे पाहिलं. पंचेचाळीस लिही, असं तो म्हणाला नाही. त्याने म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे हाजराला पुढे कधीच ठरवता आलं नाही. खोपोलीचा तो कामगार वीस पावलांवर बसला होता आणि इकडेच बघत होता. शिवाय तीन वर्षांत तिने एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता. तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

"गौरीला सांगून आलोय, आणतो म्हणून," हिरू म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, आठवल्यासारखा. मग तो कडेला गेला, उकिडवा बसला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. त्याच्या अंगात जीव येईपर्यंत धरला, मग हात उघडले. हाजराने टॅबवर लिहिलं. जिताडा, एक, त्रेचाळीस पूर्णांक पाच, सोडला. वेळ आठ चाळीस.

नऊ वाजता तिला पुढच्या गावाला निघायचं होतं. तिथली मोजणी दहाला सुरू व्हायची आणि टॅब वेळेची नोंद आपोआप घ्यायचा. भरती लागलेली होती. तिने सगळ्यांना ओरडून सांगितलं. आठ जण सामान आवरू लागले. खोपोलीचे दोघे मागोमाग उठले. हिरू गळाला कोलंबी लावत होता. ती त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, काका, भरती लागली, निघा आता.

"एक टाकतो अन् येतोच. तू हो पुढं."

ती गेली. चर ओलांडताना पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं. वर रस्त्यावर आल्यावर तिने मागे वळून पाहिलं तेव्हा हिरू टोकावर उभा होता, पाठमोरा. सहा आसनी रिक्षा आली आणि ती बसली.

अकराच्या आधी चुलत्यांच्या घरून फोन आला. खडपावर हिरूची पिशवी दिसते, हिरू दिसत नाही. ती परत पोचली तेव्हा खडप जवळजवळ बुडालं होतं आणि किनाऱ्यावर गाव जमलं होतं. कोळ्यांनी त्याला टोकावर अडकलेला पाहिला होता. ज्यांनी पंख्यात दोरे अडकतात म्हणून तक्रार केली होती, त्यांतल्याच दोघांनी होडी काढली, पण लाटा कातळावर फुटत होत्या आणि होडी जवळ नेता येईना. त्यांनी दोर फेकला. हिरूला पोहता यायचं ते तळ्यातलं. तो दोराकडे न झेपावता मागे वळला, चरातून चालत जाता येईल असं त्याला वाटलं असावं. चरात तेव्हा डोक्यावर पाणी होतं आणि ओढ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाडीच्या आतल्या तिवरांत सापडला. ओळख पटवायला हर्षद आणि रज्जाक गेले. पळसदरीच्या स्मशानापर्यंत रज्जाक त्या गुडघ्याने चालत गेला, कोणी गाडीवर बस म्हणालं तरी बसला नाही.

चार दिवसांनी जितेशचा फोन आला. पोलिसांनी टॅबवरची नोंद मागितली होती, ती दिली. आता वरच्या कार्यालयाला हाजराचं लेखी निवेदन हवं होतं की मयत व्यक्तीला भरतीची पूर्वसूचना दिली होती आणि तिने ती मानली नाही. यात खोटं काही नाही ना, असं त्याने विचारलं. खोटं काही नव्हतं. हाजराने निवेदन लिहिलं. त्यात तिने आपल्या अर्जाची तारीखही लिहिली आणि आलेलं उत्तरही. जितेशने ते परत पाठवलं, अर्जाचा उल्लेख नको, विषय वेगळा आहे. तिने तेच पुन्हा पाठवलं. त्याने फोन करून सांगितलं की तुमच्याच भल्यासाठी म्हणतो. ती म्हणाली, "मी लिहिलंय तेवढं खरं हाय. पायजे तर घ्या, नायतर नका घेऊ." त्यांनी घेतलं नाही. अहवालात फक्त एवढंच आलं की सदर इसम स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिबंध नसलेल्या जागी गेला होता.

आठ चाळीसची ती नोंद पोलिसांनी पाहिली, जितेशने पाहिली, वरच्या साहेबांनी पाहिली. मासा, लांबी, सोडला. त्यातून कोणालाच काही कळलं नाही. हिरू का थांबला, हे हाजरा सोडून जगात कोणाला माहीत नव्हतं.

तिने ते आधी रज्जाकला सांगितलं. गाळ्यात तो एका पंपाचं झाकण उघडत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोजलासच कशाला?" एवढंच. पुढे त्या विषयावर तो कधी बोलला नाही. हाजराशीच तो कमी बोलू लागला. जेवायला वाढ, दार लाव, एवढ्यापुरतं. ती समोर आली की काहीतरी काम असल्यासारखा उठायचा. त्याने आपल्या गळ-काठ्यांचं काय केलं हे तिने विचारलं नाही.

बारावं झाल्यावर ती पळसदरीला गेली. दुपारची वेळ होती, हर्षद कामावर होता. गौराबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. ताप गेला होता पण हाडं वर आली होती. हाजरा समोर बसली. गौराबाईने विचारलं, शेवटचं काय बोलले?

हाजरा दहिवलीहून ठरवूनच आली होती. तिने सगळं सांगितलं. जिताडा लागला ते, फळी लावली ते, बोटभर कमी भरला ते, आणि गौरीला सांगून आलोय असं काका म्हणाले तेही.

गौराबाईचे हात थांबले. सुपातले तांदूळ तिने एकदा एका बाजूला सारले, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारले.

"मंजी लागला होता," ती म्हणाली.

"हां, काकी."

"अन् तू सोडायला लावलास."

हाजराने मान खाली घातली. आता उठ म्हणेल, बाहेर हो म्हणेल, याची ती वाट बघत होती. गौराबाईने सूप बाजूला ठेवलं.

"मला काय सुचलं मागायचं," ती म्हणाली. "पेज खाऊन उठले असते." नंतर ती रडली, हाजराकडे पाठ करून. हाजरा जागची हलली नाही. तिला हात लावायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं. उन्हं कलली तेव्हा गौराबाईने तोंड धुतलं आणि चहा टाकला. कप हातात देताना ती म्हणाली, "हर्षदला यातलं काय सांगू नको. तो तापट हाय. तुजं तर काय करंल ते करंल, पण मीच मागितला होता, ते त्याला कळता कामा नये."

नोव्हेंबरात खडपालाही बंदी झाली. आता तिथे फलक लागला, दोरही बांधला गेला, पलीकडे जाऊ नये म्हणून. हाजराचं कंत्राट मात्र मार्चपर्यंत होतं. ती दर शनिवारी जायची, रविवारी ठरल्या वेळी खडपाजवळ उभी राहायची आणि माणसं शून्य, मासे शून्य अशी नोंद करायची. चुलत्यांच्या घरात तिला हिरूने जेवताना टेकलेली भिंत दिसायची, म्हणून ती त्या खोलीत जेवत नसे. फेब्रुवारीत अहवाल छापला गेला. भाटबंदर परिसरात हौशी मासेमारीचा ताण लक्षणीय कमी झाला, असं त्यात होतं. मार्चअखेर जितेशने कळवलं की भाटबंदरला मोजण्यासारखं काही उरलं नसल्याने तिचं पद रद्द होत आहे, पलीकडची दोन गावं दुसऱ्याकडे जातील. काम चांगलं होतं, असंही त्याने शेवटी लिहिलं.

हाजरा झेरॉक्सच्या दुकानात परत गेली.

गौराबाई पुरती बरी झाली नाही. तापाने यकृताला काहीतरी झालं होतं, दर पंधरा दिवसांनी कर्जतला डॉक्टरकडे यावं लागायचं. हर्षदला रजा मिळत नसे, म्हणून स्टेशनावरून तिला घ्यायचं, रांगेत बसायचं, औषधं समजून घ्यायची, हे हाजरा करू लागली. कोणी तिला सांगितलं नव्हतं आणि गौराबाईने नको म्हटलं नाही. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसायच्या. बोलायच्या ते गोळ्यांविषयी, पाण्याविषयी, हर्षदच्या लग्नाविषयी. त्या रविवारचा विषय पुन्हा निघाला नाही. कधी कधी गौराबाई तिचा हात धरून उठायची, आणि कधी हाजराने हात पुढे केला तरी न पाहिल्यासारखं करून भिंतीला धरून उठायची.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा हर्षदला सुट्टी होती. तो मोटारसायकल घेऊन आईला न्यायला दवाखान्यात आला. आत डॉक्टरांशी बोलून बाहेर आला आणि हाजराला म्हणाला, "ताई, तुमी आयचं करताय ते सख्खं कोण करत नाय. बाबांचा तुमच्यावर जीव होता, ते खोटं नव्हतं."

हाजराच्या हातात औषधांची पिशवी होती. तिने गौराबाईकडे पाहिलं. गौराबाई खाली बघत चप्पल पायात सरकवत होती, आणि एक पाय काही केल्या आत जात नव्हता.

"चल, गाडी काढ," ती हर्षदला म्हणाली. "उशीर होतोय."

हाजराने पिशवी हँडलला अडकवली. सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हे तिने हर्षदला दोनदा सांगितलं. गाडी गेल्यावर ती पुलावरून चालत दहिवलीला आली. घरात रज्जाक रेडिओ लावून बसला होता. तिने वाढलं, त्याने खाल्लं, ताट उचलून ठेवलं आणि आत जाऊन पडला.